चीन शिकवायचा तर चिनी माणसांची आपसातली भांडणं शिकवा

तुमचा प्रश्न मी असा समजले. अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात जपान आणि चीनच्या आधुनिकीकरणावर एक प्रकरण आहे. त्यातल्या चीनसाठी तुमच्याकडे जेमतेम दहा-बारा तासिका आहेत. मुलांना चीन म्हणजे १९६२ आणि स्वस्त मोबाइल एवढंच माहीत. सनावळ्या कशाबशा पाठ होतात, पण कन्फ्युशियस, सन यत-सेन, माओ यांचे 'विचार' आले की वर्ग झोपतो. वर एका पालकांनी विचारलंय, शत्रूचा इतिहास मुलांनी शिकायचाच कशाला?

पालकांचं नंतर बघू. आधी झोपणाऱ्या वर्गाचं.

वर्ग झोपतो, कारण आपण 'विचार' हा वेगळा धडा करून टाकतो. कन्फ्युशियसची अमुक तत्त्वं, सन यत-सेनची तीन, माओची आणखी काही. फळ्यावर यादी, वहीत यादी, पेपरात यादी. तो माणूस हे कधी म्हणाला, कुणाला म्हणाला, त्याला कशाचा राग आला होता, यातलं काहीच यादीत नसतं. आधुनिक चीनमधला जवळजवळ प्रत्येक मोठा विचार कुठल्यातरी पराभवानंतर सुचलेला आहे, आणि तो मांडणारा दुसऱ्या एखाद्या चिनी माणसाला खोडून काढतो आहे. त्यामुळे माझ्या वर्गात कुणीही विचारवंत आला की मी दोनच प्रश्न विचारते. याच्या डोळ्यांदेखत काय हरलं होतं? आणि हा भांडतोय कुणाशी? या दोन प्रश्नांची उत्तरं मुलांनी शोधली की तत्त्वं आपोआप लक्षात राहतात. उलट क्रमाने गेलं तर काहीच राहत नाही.

क्रमासाठी एक शिडी चालते. १८४२ मध्ये ब्रिटनकडून हरल्यावर वेई युआनसारखा विद्वान म्हणाला, त्यांच्या तोफा-जहाजांचं तंत्र शिकून घेऊ, बाकी आपलं आहे ते ठीक आहे. १८९५ मध्ये जपानने हरवलं. ज्याला चीन पिढ्यानपिढ्या आपला शिष्य समजत आला, त्या जपानने! तैवान गेलं, शिवाय २० कोटी तैल (चांदी मोजायचं चिनी माप) चांदीची भरपाई. जहाजं तर तोवर चीनकडेही आली होती, मग हरलो कसे? कांग यूवेई आणि त्याचा शिष्य लियांग छिछाओ म्हणू लागले, राज्यकारभार बदलल्याशिवाय जहाजं फुकट आहेत. १८९८ मध्ये तरुण सम्राटाने त्यांचं ऐकून फर्मानांचा सपाटा लावला. शंभरेक दिवसांत राजमाता त्सशीने सम्राटाला नजरकैदेत टाकलं आणि सहा सुधारकांचा शिरच्छेद झाला. सन यत-सेनची पुढची पिढी म्हणाली, राजाच नको. १९१२ मध्ये राजा गेला. तरीही १९१९ मध्ये व्हर्सायच्या शांतता परिषदेत, शानतुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क चीनला परत मिळण्याऐवजी जपानच्या पदरात पडले. चीन तर महायुद्धात जिंकलेल्या बाजूला होता! आता दोष कुणाला द्यायचा? उत्तर आलं, आपल्या घरांना, आपल्या सवयींना, आपल्या ग्रंथांना. आणि आठ-दहा वर्षांत आणखी एक उत्तर पुढे आलं, जमिनीच्या मालकीला.

ही शिडी माझी नाही. लियांग छिछाओनेच १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा पायऱ्या मांडल्या होत्या: आधी वस्तू, मग संस्था, मग संस्कृती. म्हणजे शिडीसुद्धा भांडणातल्या एका पक्षाने सांगितलेली गोष्ट आहे, आणि हे मुलांना एकदा स्पष्ट सांगायला हवं. १८५० ते १८६४ चं ताइपिंग बंड तिच्यात कुठेच बसत नाही. सरकारी परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेला आणि स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवणारा होंग श्यूछ्वान, त्याने नानकिंगमध्ये थाटलेलं राज्य, आणि त्या यादवीत मेलेली दोनेक कोटी माणसं. आपल्याकडे १८५७ चा उठाव चालू होता तेव्हा शेजारी हे चाललं होतं, हे ऐकून मुलं सावरून बसतात. तेवढंच सांगा आणि पुढे चला. अकरावीत ताइपिंगमध्ये शिरलं की तीन तासिका कुठे गेल्या कळत नाही.

अफूला मात्र पूर्ण दोन तासिका द्या. लिन झेशू हा अधिकारी १८३९ मध्ये कँटनला आला आणि त्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या २०,००० हून जास्त पेट्या ताब्यात घेतल्या. पुढे काय केलं असेल असं विचारलं तर मुलं म्हणतात, जाळल्या. जाळल्या नाहीत. हूमन इथे समुद्रकाठी मोठे हौद खणून, त्यात पाणी, मीठ आणि चुना घालून अफू विरघळवली आणि ती समुद्रात सोडून दिली. तीनेक आठवडे हे काम चाललं. जाळलेल्या अफूचा अंश मातीत मुरतो आणि लोक ती माती खरवडून अफू परत मिळवतात, हे त्याला ठाऊक होतं. असा बारकाईने विचार करणारा अधिकारी होता तो, आणि त्यानेच व्हिक्टोरिया राणीसाठी एक पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा: तुमच्या देशात अफूला बंदी आहे असं ऐकतो, म्हणजे तिने काय होतं ते तुम्हाला कळतं. मग जे स्वतःच्या माणसांना नको, ते दुसऱ्यांच्या माणसांना कसं विकता? (ब्रिटनमध्ये तेव्हा अफूला बंदी नव्हती. त्याची माहिती चुकीची होती, आणि हे मुलांना पत्र वाचून झाल्यावरच सांगायचं, आधी नाही.)

कन्फ्युशियस इथे शिकवायचा, पहिल्या तासाला नाही. लिन झेशू तह, कायदे, नफा-तोटा यांतलं काहीच आधाराला घेत नाही. राज्यकर्त्याला सदसद्विवेक असतो, तो जागा केला की तो योग्य तेच करील, आणि वरचा नीट वागला की खालचे आपोआप नीट वागतात, असं गृहीत धरून तो लिहितो आहे. आयुष्यभर कन्फ्युशियसचे ग्रंथ वाचलेला माणूस संकटात कसा विचार करतो, ते या एका पत्रात दिसतं. मग मुलांना विचारा, समोरच्याला ही भाषाच कळत नसेल तर? तिथून युद्धावर जाता येतं आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहावर. हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली, २ कोटी १० लाख रौप्य डॉलर भरावे लागले.

अफूचं दुसरं टोक आपल्याकडे आहे आणि ते टाळू नका. एक अफू बंगाल-बिहारमधली, कंपनीच्या मक्तेदारीची. दुसरी माळव्यातली, जी दमणवरून आणि मुंबई बंदरातून जायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनच्या व्यापारात कापूस आणि अफू यांवर संपत्ती मिळवली आणि त्यातून मुंबईत मोठमोठ्या देणग्या दिल्या. जे. जे. रुग्णालय मुलांना माहीत असतं, त्यामागचा हा व्यापार माहीत नसतो. त्यांना 'सर' हा किताब मिळाला १८४२ मध्ये, नानकिंगच्या तहाच्याच वर्षी. हे सांगितलं की वर्गात दोन तट पडतात. मी निवाडा देत नाही. अर्ध्या वर्गाला लिन झेशूच्या बाजूने बोलायला लावते, अर्ध्यांना मुंबईच्या व्यापाऱ्याच्या वतीने उत्तर लिहायला. दुसऱ्या गटाला जास्त घाम फुटतो, आणि त्यातलाच कुणीतरी म्हणतो की दानधर्मामुळे पाप धुऊन निघतं का हा प्रश्न इतिहासाचा आहे की मूल्यशिक्षणाचा. त्याला म्हणावं, पुढच्या तासाला सांगते.

परीक्षा हा विषय तर आपल्या मुलांना समजावून सांगावाच लागत नाही. साधारण १३०० वर्षं चीनमध्ये सरकारी अधिकारी होण्याचा राजमार्ग म्हणजे परीक्षा. अभिजात ग्रंथ मुखोद्गत करायचे, आठ भागांच्या ठरीव साच्यात निबंध लिहायचा. बहुसंख्य लोक आयुष्यभर नापास व्हायचे. १९०५ मध्ये एका फर्मानाने ही पद्धत बंद झाली. इथे थांबून मुलांना विचारायचं, उद्या सकाळी स्पर्धा परीक्षा कायमच्या बंद झाल्याचा जीआर निघाला तर पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये काय होईल? पाच मिनिटं वर्गाला आवरता येत नाही. त्यानंतर लू शुन या चिनी लेखकाची 'खोंग यीजी' ही कथा वाचून दाखवावी. १९१९ ची, चार-पाच पानांची. दारूच्या गुत्त्यात आखूड कपडे घातलेले कष्टकरी गल्ल्याशी उभं राहून पितात, लांब झगेवाले आत बसून पितात. खोंग यीजी हा एकटाच असा, की अंगात झगा आहे, पण पितो उभ्याने. सर्वांत खालची पदवीही त्याला मिळालेली नाही. बोलताना मात्र जुन्या ग्रंथांतली वाक्यं. पुस्तकं चोरतो आणि म्हणतो, विद्वानाने पुस्तक उचलणं याला चोरी म्हणत नाहीत. गुत्त्यातल्या पोऱ्याला एकच अक्षर लिहायच्या चार तऱ्हा शिकवू पाहतो. एका पदवीधर बड्या घरी चोरी करताना सापडतो, ते त्याचे पाय मोडतात. गुत्त्याच्या उधारीच्या फळीवर त्याच्या नावापुढे १९ नाणी शिल्लक राहतात.

कथा वाचून झाली की व्याख्यान देऊ नका. एवढंच विचारा, लेखक कुणावर चिडलाय? मुलं आधी म्हणतात परीक्षेवर. मग कुणीतरी म्हणतं, हसणाऱ्या गिऱ्हाइकांवर. मग एखादी मुलगी म्हणते, गोष्ट सांगणाऱ्या त्या पोऱ्यावरच. ही चर्चा झाली की १९१९ च्या पिढीला 'जुनी संस्कृती' म्हणजे काय खुपत होतं, ते वेगळं सांगावं लागत नाही. शेवटी हेही सांगा की २०२३ मध्ये चीनमधल्या बेकार पदवीधरांनी इंटरनेटवर स्वतःलाच खोंग यीजी म्हणायला सुरुवात केली. पदवी हा असा झगा आहे की तो काढताही येत नाही आणि त्याने पोटही भरत नाही. त्या वर्षी जूनमध्ये शहरांतल्या १६ ते २४ वयाच्या तरुणांमधली बेरोजगारी सरकारी आकड्यानुसारच २१.३ टक्के होती.

बायकांचा प्रश्न पुस्तकात एका चौकटीत उरकलेला असतो. तो चौकटीतून बाहेर काढायचा असेल तर हे झेन ही बाई घ्या. १९०७ मध्ये टोकियोमधून निघणाऱ्या एका अराजकवादी नियतकालिकात ती लिहीत होती. तेव्हा पुरुष सुधारक मुलींचे पाय लहानपणीच करकचून बांधायची चाल बंद करा, मुलींना शाळेत घाला असं म्हणत होते. हे झेन विचारते, हे सगळं बायकांसाठी चाललंय की आपण जगाला सुधारलेले दिसावं म्हणून? तिच्याशेजारी बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुष तुलना' ठेवा, १८८२ ची. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण दोघींचा रोख आपापल्या काळच्या पुरुषांच्या दुटप्पीपणावर आहे. दोघींमधला फरकही मुलांकडून काढून घ्या. हे झेन राज्यसंस्था आणि खासगी मालमत्ता यांच्यावरच येते, ताराबाई तिकडे जात नाहीत. साम्य दाखवणं सोपं असतं. फरक काढायला लावला की मुलं खरं वाचतात. आगरकर-टिळक वाद आणि चीनमधले वाद यांची तुलना करायचा मोह तुम्हालाही होईल. करा, पण जातिव्यवस्थेसारखी गोष्ट चीनमध्ये नव्हती हे विसरून केलेली तुलना फळ्यावरच गडगडते.

४ मे १९१९. व्हर्सायच्या निर्णयाविरुद्ध बीजिंगमधले ३,००० हून जास्त विद्यार्थी तिएनआनमेनपाशी जमले. आपल्याकडे जालियनवाला बाग होऊन महिनाही झाला नव्हता. या आंदोलनाची हकीकत पुस्तकात आहे, ती मुलं वाचतील. तुम्ही त्या उन्हाळ्यातलं एक भांडण वर्गात आणा. हू शी या तरुण प्राध्यापकाने लिहिलं, 'वादां'बद्दल कमी बोला, प्रश्नांचा जास्त अभ्यास करा. रिक्षा ओढणाऱ्याचं पोट कसं भरेल ते शोधा, समाजवाद की अराजकवाद यावर तोंड चालवायला काही लागत नाही. बीजिंग विद्यापीठाचा ग्रंथपाल ली दाझाओ याने उत्तर दिलं, सुटे प्रश्न सुटे सुटत नाहीत. बहुसंख्य लोकांना तो प्रश्न आपला वाटायचा तर एक समान ध्येय लागतं, आणि ते म्हणजेच 'वाद'. वर्गाचे दोन भाग करा, आपल्या गावातला एकच प्रश्न द्या, समजा एसटी बंद झाल्यामुळे मुलींची शाळा सुटते, आणि दोन्ही बाजूंनी भांडू द्या. अकरावीच्या मुलांना हा वाद पूर्ण कळतो. माझ्या मते आधुनिक चिनी विचार शिकवण्यासाठी यापेक्षा चांगली तासिका नाही.

आणि इथे एक दुवा महाराष्ट्राचा आहे. हू शी कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूईंचा विद्यार्थी होता, १९१५ ते १९१७. बाबासाहेब आंबेडकर तिथे १९१३ ते १९१६ या काळात होते आणि तेही ड्यूईंच्या वर्गात बसले होते. दोघांच्या पीएचडी पदव्या रीतसर प्रदान झाल्या त्याही १९२७ मध्येच. त्यांची भेट झाली असेल का, असं मुलं विचारतातच. तसं म्हणायला आधार नाही, आणि तो रंगवायची गरजही नाही. एकाच शिक्षकाकडून शिकलेल्या दोन माणसांनी आपापल्या देशात जाऊन काय केलं, एवढा प्रश्न पुरेसा आहे. ड्यूई स्वतः १९१९ ते १९२१ चीनमध्ये व्याख्यानं देत होते.

या वादातल्या माणसांचं पुढे काय झालं तेही फळ्यावर लिहा. ली दाझाओला १९२७ मध्ये एका युद्धसरदाराने फाशी दिलं. ज्या मासिकात हे सगळे लिहायचे त्याचा संस्थापक चेन दूश्यू कम्युनिस्ट पक्षाचा पहिला प्रमुख झाला आणि १९२९ मध्ये त्याच पक्षाने त्याला काढून टाकलं. हू शी राष्ट्रवादी सरकारचा अमेरिकेतला राजदूत झाला आणि १९६२ मध्ये तैवानात वारला. तैवान हा वेगळा मुद्दा म्हणून शिकवण्यापेक्षा या तिसऱ्या माणसाच्या पाठोपाठ तिथे गेलेलं बरं.

माओला एकदम १९४९ मध्ये नव्या राज्याची घोषणा करणाऱ्या सज्जात उभा करू नका. १९१९ मध्ये चांगशा शहरात चाओ नावाच्या एका मुलीने ठरवून दिलेलं लग्न नको म्हणून वरातीच्या पालखीतच जीव दिला. पंचविशीतल्या माओने त्यावर स्थानिक वर्तमानपत्रात एकामागून एक लेख लिहिले: तिला मारलं ते समाजाने, दोन्हीकडच्या आईबापांनी. वर्गसंघर्ष वगैरे त्यात काही नाही. (प्रसंग नाजूक आहे, वर्ग ओळखून सांगा, आणि तपशिलात जाऊ नका.) मग १९२७ च्या मार्चमधला त्याचा हुनान प्रांतातल्या शेतकऱ्यांवरचा अहवाल घ्या, ज्यात तो म्हणतो की क्रांती म्हणजे मेजवानी नव्हे. या आठ वर्षांत त्याच्यात काय बदललं? अहवालानंतर लगेचच, एप्रिलमध्ये, राष्ट्रवादी पक्षाच्या च्यांग कै-शेकने शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल केली. शहरातले कामगार क्रांती करतील हे मार्क्सवादी पुस्तकातलं उत्तर तिथे रक्तात बुडालं. इथे विचार आधी लिहून झाला होता, पण त्याला वजन आलं ते पराभवानंतरच.

जपानविरोधी युद्धासाठी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा आधार घ्या, पण हार घालून थांबू नका. चिनी सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली, काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टर पाठवले. त्यांत सोलापूरचे कोटणीस होते, तसे नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस आघाडीमागच्या खेड्यांत शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी ते वारले. मुलांना विचारायचा प्रश्न असा: डॉक्टर ज्या खेड्यांत काम करत होते तिथे कम्युनिस्ट पक्ष नेमकं काय करत होता, की युद्ध संपेपर्यंत शेतकरी त्याच्या बाजूला गेला? जमीनमालकाला द्यायचा खंड कमी करणं, साक्षरतेचे वर्ग, गावसभा, आणि जपानशी लढणारा पक्ष अशी प्रतिमा. लाँग मार्चच्या, म्हणजे कम्युनिस्ट सैन्याच्या लांबलचक माघारीच्या, नकाशापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

आता १९५८. इथे घाई करू नका. 'महान झेप' (झटपट उत्पादन वाढवायची माओची मोहीम) हा शब्द मुलं पाठ करतात आणि दुष्काळ एका वाक्यात उरकतात. मी आकड्यांपासून सुरू करते. १९५८ चं धान्य उत्पादन सरकारने जाहीर केलं ३७.५ कोटी टन. पुढच्या वर्षी ते २५ कोटींवर आणलं. प्रत्यक्षात होतं सुमारे २० कोटी. हा फुगवटा कसा झाला ते वर्गात करून दाखवता येतं. एका रांगेतल्या मुलांना गावचा, कम्यूनचा (अनेक गावांच्या सामूहिक शेतीचा), जिल्ह्याचा, प्रांताचा कार्यकर्ता करा. वरून लक्ष्य येतं, कमी आकडा सांगणारा 'उजवा', म्हणजे क्रांतीचा विरोधक, ठरतो. चिठ्ठी मागून पुढे येईपर्यंत आकडा काय होतो ते पाहा. मग सांगा की सरकारने लेव्ही (सक्तीने घ्यायचं धान्य) या चिठ्ठीवरच्या आकड्यावर ठरवली आणि धान्य उचललं ते खऱ्या कोठारातून. १९५९ मध्ये लूशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग दहुआय यांनी माओला पत्र लिहून हे बोलून दाखवलं. त्यांचं पद गेलं आणि मोहीम आणखी जोरात चालली. मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात, तीन कोटींच्या आसपासचा आकडा बरेच अभ्यासक देतात. हे अंतर मुलांपासून लपवू नका. अंदाज वेगळे का येतात, हाही इतिहासच आहे.

अमर्त्य सेन यांचं म्हणणं इथे कामी येतं: जिथे वर्तमानपत्रं आणि विरोधी पक्ष असतात तिथे एवढा मोठा दुष्काळबळी दडून राहत नाही. जाँ द्रेझ यांनी यासाठी अभ्यासलेलं एक महत्त्वाचं उदाहरण महाराष्ट्रातलं आहे, १९७० ते १९७३ च्या दुष्काळाचं. म्हणून मुलांना घरी पाठवा. आजी-आजोबांना बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल विचारू द्या: खडी कुठे फोडली, मजुरी किती, सुकडी कशी लागायची, लाल मिलोच्या भाकरी, मोर्चे निघाले का, आमदार आले का. मुलं वह्या भरून आणतात. मग विचारा, यातलं काय चीनच्या अनह्वेई प्रांतातल्या शेतकऱ्याला १९६० मध्ये करता आलं नसतं? पण सेन यांच्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भागही त्याच तासाला सांगा, नाहीतर तास आत्मगौरवात संपतो. रोजच्या कुपोषणाने आणि साध्या आजारांनी होणारे मृत्यू भारताने मुकाट्याने चालू दिले, आणि त्यांची बेरीज चीनच्या दुष्काळापेक्षा कमी नाही, असं सेन आणि द्रेझ म्हणतात. चीनने शाळा आणि दवाखाने खेड्यांत आधी नेले.

सांस्कृतिक क्रांती, म्हणजे जुनं सगळं मोडायला माओने तरुणांना उठवलं तो काळ, मी थोडक्यात शिकवते. तुमच्यासमोर बसलेल्या मुलांच्याच वयाच्या मुलांनी १९६६ च्या ऑगस्टमध्ये आपल्या शिक्षकांना मारहाण केली, काहींचा जीव घेतला. एवढं सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती भरून काढू नका. पोस्टर दाखवायची असतील तर आधी मजकूर वाचून घ्या, लाल रंगाची चित्रं पाहून मुलांना ती भारी वाटतात. नंतर १९८१ चा पक्षाचा स्वतःचा ठराव सांगा: माओचं कर्तृत्व मोठं, चुका दुय्यम, पण सांस्कृतिक क्रांती ही घोडचूक. पक्षाने इतिहासाचा असा हिशेब का मांडला, हा प्रश्न दहा गुणांचा आहे. १९७७ च्या हिवाळ्यात महाविद्यालयीन प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाली. ५७ लाख बसले, २ लाख ७० हजारांना प्रवेश मिळाला. कुणीतरी मुलगा खोंग यीजीचं नाव काढतोच.

माओनंतर सूत्रं हाती घेणाऱ्या डेंग झियाओपिंगचे सुधार पुस्तकात नीट आहेत. श्याओगांग या खेड्यातल्या १८ शेतकऱ्यांनी १९७८ मध्ये गुपचूप अंगठे उठवून जमीन घराघरांत वाटून घेतली, ती गोष्ट जोडा. त्याच वर्षी डिसेंबरात वेई जिंगशेंग याने बीजिंगच्या भिंतीवर लावलेला लेख जोडा, की सरकारने ठरवलेल्या चार आधुनिकीकरणांबरोबर (शेती, उद्योग, संरक्षण, विज्ञान) पाचवं लोकशाहीचंही हवं. तो तुरुंगात गेला. १९८९ चे विद्यार्थी स्वतःला १९१९ चे वारस म्हणवत होते. बरोबर ७० वर्षांनी, त्याच चौकात. ३-४ जूनच्या रात्री चौकाच्या आसपास आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सैन्याने गोळ्या घातल्या, हे वर्गात स्पष्ट सांगा.

नावांचा गोंधळ टाळण्यासाठी पहिल्याच दिवशी एक तक्ता भिंतीला लावा. पेकिंग-बीजिंग, कँटन-ग्वांगचौ, च्यांग कै-शेक आणि जिआंग जिएशी हा एकच माणूस. माझ्या वर्गात एका उत्तरपत्रिकेत या दोघांचं आपसात युद्ध झालं होतं.

१९६२ साठी वेगळी तासिका ठेवा आणि ती शेवटी ठेवा. आधी घेतली तर पुढचं सगळं मुलं त्याच चष्म्यातून बघतात. टाळली तर मुलं म्हणतात, मॅडम घाबरतात. १९१४ ची सिमला परिषद, १९५० नंतरचं तिबेट, १९५४ चा पंचशील, अक्साई चीनमधला रस्ता, १९५९ मध्ये दलाई लामांचं भारतात येणं, आणि मग युद्ध. दुष्काळ शिकवून झालेला असतो, त्यामुळे तीन वर्षं उपाशी राहिलेला देश सीमेवर लढायला का उतरतो, हा प्रश्न मुलं स्वतः विचारतात. नकाशा मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाचाच वापरा. परदेशी संकेतस्थळांवरून उतरवलेले नकाशे सीमा वेगळ्या दाखवतात आणि त्यावरून शाळेला नोटीस येऊ शकते.

पालकांना काय सांगायचं? सीमेपलीकडे जो देश आहे त्याचं डोकं कसं चालतं हे माहीत नसणं आपल्याला परवडणारं नाही, एवढं सरळ सांगा. बहुतेकांना ते पटतं. न पटलेल्या पालकांना लिन झेशूच्या तासिकेला बसायला बोलवा.

चाचणीत 'सन यत-सेनची तीन तत्त्वं स्पष्ट करा' हा प्रश्न ठेवायला हरकत नाही, बोर्डाच्या सवयीसाठी. पण एक प्रश्न असा ठेवा: १८९८ च्या सुधारकाने १९१९ च्या विद्यार्थ्याला पत्र लिहिलं तर तो कुठे सहमत होईल आणि कुठे चिडेल? गुण देताना भाषेला देऊ नका. पत्रात दोन खरे पराभव आणि एक खरा प्रतिपक्ष आला का, ते पाहा. आणि तासिका कमी पडल्याच, त्या पडतातच, तर युद्धसरदारांचा काळ, लाँग मार्चचा मार्ग आणि बॉक्सर बंडाचे तपशील मुलांना घरी वाचायला द्या. लिन झेशूचं पत्र, खोंग यीजी, हू शी-ली दाझाओ वाद आणि १९५८ च्या चिठ्ठ्या, या चार तासिका मात्र स्नेहसंमेलनाच्या तालमींनाही देऊ नका.